घरपोच लिपिड प्रोफाइल : रक्त घेण्यात तरबेज, आकडे सांगण्यात कच्चे

पुण्यात घरी येऊन रक्ताचा नमुना घेणाऱ्या प्रयोगशाळांची आता वाण राहिलेली नाही. त्यांपैकी एका मोठ्या साखळी प्रयोगशाळेचे हृदयविषयक तपासण्यांचे पॅकेज आम्ही घरातल्या तिघांसाठी घेतले : दादा, वहिनी आणि मी. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा मला दिसल्या त्या तिच्या एकटीच्या नाहीत. नातेवाइकांकडचे इतर ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा आकड्यांखालचा छापील तक्ता आणि त्यातले रंग जवळपास सारखेच निघाले. त्यामुळे हे परीक्षण एका दुकानाबद्दल असले, तरी ते वाचून आपापल्या घरातला लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद पुन्हा एकदा काढून पाहण्यास हरकत नाही.

सेवेचे दोन भाग करावे लागतील. रक्त घेणे, ते नीट पोहोचवणे आणि मोजणे हा पहिला. त्या मोजणीचा अर्थ ग्राहकाला सांगणे हा दुसरा. पहिल्या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि दुसऱ्याला दोन, तेही थोड्या उदार मनाने.

पहिल्या भागाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. रक्त घेणारा मुलगा ठरलेल्या वेळेत आला, त्याने ओळखपत्र दाखवले, प्रत्येकाला नाव आणि वय विचारून मगच नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सुईचे पाकीट आमच्यासमोर फोडले. लिपिडसाठी पिवळ्या झाकणाची नळी, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सीसाठी जांभळ्या झाकणाची आणि साखरेसाठी करड्या झाकणाची, हा क्रम त्याच्या हातात बसलेला होता. वहिनींची शीर सहजासहजी सापडत नाही, परंतु दंडाला पट्टा बांधून तो टिचक्या मारत बसला नाही. एका हातावर मिळेना म्हणताच पट्टा सोडला, थोडा वेळ जाऊ दिला आणि दुसरा हात घेतला. हे वरवर किरकोळ वाटते, परंतु पट्टा बराच वेळ आवळून ठेवला की शिरेतले पाणी बाहेर झिरपते, रक्त त्या जागी दाट होते आणि कोलेस्टेरॉलचा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आदल्या क्षणापर्यंत घरात वावरत असलेल्या माणसाला त्याने थोडा वेळ खुर्चीत बसायला सांगितले, तेही याच कारणाने योग्य. नमुने बर्फाच्या डब्यात गेले आणि संध्याकाळच्या आत रिपोर्ट मोबाइलवर आले.

अर्धा गुण कापला तो उपाशीपोटीच्या हट्टाबद्दल. वहिनींना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. बारा तास काहीही पोटात न घेता राहणे त्यांना जड जाते, म्हणून फोनवर विचारले, तर ‘चहासुद्धा नको, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येईल’ असे ठणकावण्यात आले. उपाशीपोटी साखर मोजायची असेल तर हा नियम बरोबरच आहे. केवळ लिपिडसाठी मात्र तो आता तेवढा कडक राहिलेला नाही. युरोपातील तज्ज्ञांनी २०१६ मध्येच नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती नको असे एकमताने म्हटले, आणि कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांतही हीच भूमिका आहे. जेवणाने ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी काहीशी चढते; एकूण कोलेस्टेरॉल आणि ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल यांत फारसा फरक पडत नाही. ट्रायग्लिसराइड फारच जास्त निघाले तर उपाशीपोटी पुन्हा तपासावे, एवढे पुरते. फोनवरच्या मुलीने निदान ‘मधुमेहाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारा’ एवढे सांगायला हवे होते.

आता दुसरा भाग. जाहिरातीत ‘लिपिडच्या ८ चाचण्या’ असे लिहिले होते. रिपोर्टात खरोखरच आठ ओळी आहेत. परंतु यंत्राने मोजलेल्या गोष्टी तीनच : एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल. उरलेल्या पाच ओळी वजाबाकी-भागाकाराच्या आहेत. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागले की व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतले कोलेस्टेरॉल, मिळते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि हे व्हीएलडीएल वजा केले की ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते एलडीएल. एकूणातून नुसते एचडीएल वजा केले की नॉन-एचडीएल. आणि शेवटी दोन गुणोत्तरे. म्हणजे ज्या आकड्यासाठी माणूस तपासणी करून घेतो, तो एलडीएलचा आकडा आमच्या रिपोर्टात मोजलेला नव्हता, मांडलेला होता. रिपोर्टातल्या ‘पद्धत’ या रकान्यात बारीक अक्षरांत ‘गणित’ असे छापलेले असते. ते वाचायला बहुतेकांना चष्मा आणि सवड दोन्ही काढावी लागतात.

या गणितात लबाडी नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिक्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७२ मध्ये हे सूत्र दिले, ते अशा काळात की एलडीएल वेगळे करण्यासाठी रक्तद्रव प्रचंड वेगाने तासन् तास फिरवणारे यंत्र लागत असे आणि ते मोठ्या संशोधनसंस्थांनाच परवडत असे. त्या सूत्रामुळे जगभरच्या साध्या प्रयोगशाळांना एलडीएल सांगता येऊ लागले. परंतु सूत्र देणाऱ्यांनीच त्याची मर्यादाही सांगून ठेवली आहे : ट्रायग्लिसराइड डेसिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर गेले की ते वापरू नये, कारण तेथे ‘पाचाने भागा’ हा हिशेब मोडतो आणि एलडीएल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. आपल्याकडे मधुमेह, सुटलेले पोट आणि चढे ट्रायग्लिसराइड ही सोबत हिंडणारी मंडळी असल्यामुळे ही मर्यादा पाठ्यपुस्तकात ठेवून चालत नाही.

वहिनींचा रिपोर्ट नेमका तेथेच अडकला. एकूण कोलेस्टेरॉल २३२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड ४१२. सूत्राने एलडीएल ११६ निघाले आणि तेच छापले गेले, शेजारी ‘इष्टतमच्या जवळ’ अशा अर्थाचा सौम्य पिवळा रंग. मधुमेही बाईंना हा पिवळा रंग दिलासा देणार हे उघड आहे. मी प्रयोगशाळेला लिहून विचारले की ४०० च्या वर हे गणित आपण कसे केले. येथे त्यांना श्रेय दिले पाहिजे : दुसऱ्याच दिवशी तेथील पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर स्वतः फोनवर आल्या, ‘हा आकडा सॉफ्टवेअरने अडवायला हवा होता’ असे सरळ म्हणाल्या आणि राखून ठेवलेल्या त्याच नमुन्यावर थेट मोजणीची चाचणी जादा पैसे न घेता करून दिली. ती १३१ आली. ११६ आणि १३१ यांत आभाळ-जमिनीचे अंतर नाही, परंतु विचारल्याशिवाय ते कळले नसते. शिवाय सबंध रिपोर्टात वहिनींसाठी सर्वांत बोलका आकडा कोणता, तर नॉन-एचडीएल : २३२ वजा ३४, म्हणजे १९८. त्यात एलडीएलसोबत रक्तवाहिन्यांना त्रास देणारे बाकीचे सगळे कणही मोजले जातात, त्याला उपास लागत नाही आणि ट्रायग्लिसराइड कितीही चढले तरी ही वजाबाकी मोडत नाही. तो आकडा सातव्या ओळीत, कोणताही रंग न देता छापलेला होता.

हे कण म्हणजे काय, यावर रिपोर्टासोबत आलेल्या पुस्तिकेत एक चित्र आहे : नळात गाळ साचत जातो आणि एके दिवशी नळ तुंबतो. हे चित्र समजायला सोपे आहे आणि बरेचसे चुकीचे. कोलेस्टेरॉल हा मुळात गाळ नाही. पेशींची आवरणे, ड जीवनसत्त्व, काही संप्रेरके आणि पित्त तयार करायला ते लागते, आणि शरीर त्यातले बरेचसे स्वतःच बनवते. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून नेण्यासाठी ते प्रथिनांच्या वेष्टनातल्या बारीक कणांत भरले जाते. एलडीएल हा त्यातला एक प्रकार. यकृताच्या पेशींवर हे कण पकडून आत ओढणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी ते शोधून काढले आणि १९८५ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळाले. हे ग्राहक कमी पडले, म्हणजे वंशाने कमी मिळाले किंवा संपृक्त चरबीच्या आहाराने मंदावले, की कण रक्तात अधिक काळ फिरत राहतात. मग ते रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, तेथे अडकतात, बदलतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तेथेच बसतात आणि भिंतीच्या आत एक मऊ गाठ तयार होते. ही गाठ बराच काळ आतल्या पोकळीला हातही लावत नाही. रोहिणी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते. एखाद्या दिवशी गाठीवरचे पातळ आवरण फाटते, रक्ताला तेथे जखम झाल्यासारखे वाटते, गुठळी जमते आणि काही मिनिटांत रस्ता बंद होतो. हृदयाच्या रोहिणीत झाले तर झटका, मेंदूच्या रोहिणीत झाले तर पक्षाघात. पायांच्या रोहिण्या हळूहळू अरुंद होत गेल्या तर चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बरे वाटते.

म्हणूनच ‘मला काहीच त्रास नाही, जिना एका दमात चढतो’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. एलडीएल वाढल्याचे लक्षण असे काही नसते. काही जणांच्या पापण्यांवर पिवळसर चट्टे दिसतात, वंशपरंपरागत प्रकारात टाचेच्या वरच्या स्नायुबंधावर गाठी येतात. बाकीच्यांना रिपोर्ट हेच लक्षण. आणि नुकसान केवळ आजच्या आकड्याने ठरत नाही, तो आकडा किती वर्षे अंगावर वागवला यानेही ठरते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या कृष्णवर्णीय लोकांना पीसीएसके९ या जनुकातील बदलामुळे जन्मापासूनच एलडीएल २८ टक्के कमी होते, त्यांच्यात हृदयाच्या रोहिण्यांचा विकार ८८ टक्के कमी आढळला. औषधाने चार-पाच वर्षांत एवढीच घट केली तर इतका मोठा फायदा मिळत नाही. पुस्तिकेच्या गुळगुळीत पानांत एवढी एक गोष्ट सांगितली असती, तर पस्तिशीतल्या ग्राहकाला तपासणीचे मोल कळले असते.

आता दादांचा रिपोर्ट, ज्यामुळे मी हे सारे लिहायला बसलो. दादांना वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी झटका आला, अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. त्यांचे आकडे : एकूण १५८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १४०, एलडीएल ९२. अ‍ॅपमध्ये हिरवा गोल, खाली ‘नॉर्मल’, आणि वर अभिनंदनाचे एक वाक्य. एलडीएल १०० च्या खाली म्हणजे इष्टतम, १०० ते १२९ त्याच्या जवळ, १३० ते १५९ सीमारेषेवर, १६० पासून जास्त आणि १९० पासून फार जास्त, हा जो तक्ता सगळीकडे छापतात तो अमेरिकेत २००१ मध्ये ठरला. धडधाकट, धोका कमी असलेल्या माणसासाठी १०० च्या खालचे एलडीएल आजही ठीकच आहे. परंतु वर उल्लेख केलेली २०२४ ची भारतीय तत्त्वे सांगतात की मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या व्यक्तीत ते ७० च्या खाली असावे, आणि ज्यांना झटका, पक्षाघात वगैरे होऊन गेला आहे त्यांच्यात ५५ च्या खाली. याच तीन पायऱ्यांवर नॉन-एचडीएलचे उद्दिष्ट १३०, १०० आणि ८५ च्या खाली. म्हणजे दादांचे ९२ हे त्यांच्या उद्दिष्टापेक्षा बरेच वर होते आणि अ‍ॅप त्यांना शाबासकी देत होते.

प्रयोगशाळेला रुग्णाचा इतिहास ठाऊक नसतो, हे मान्य. पण नोंदणी करताना याच अ‍ॅपने उंची, वजन, मधुमेह, रक्तदाब, ‘हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे का’ असे सगळे विचारले होते आणि दादांनी ‘होय’वर खूण केली होती. ती माहिती रिपोर्टाच्या कामी आली नाही; ती कोणाच्या कामी आली ते पुढे कळले. माझे म्हणणे एवढेच की, धोका माहीत नसेल तर रंग देऊ नये. कोरा आकडा आणि खाली तीन पायऱ्यांचे उद्दिष्ट छापले तर कागद वाढत नाही.

हिरव्या गोलाचा परिणाम काय होतो, तेही पाहा. दादांना अ‍ॅटॉर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅमची, स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी दिलेली आहे. पाय दुखतात आणि ‘ही गोळी स्नायू खाते’ असे कोणीतरी पाठवले, म्हणून ते काही महिने ती अर्धी मोडून घेत होते. रिपोर्ट पाहून त्यांचे पहिले वाक्य ‘बघा, अर्ध्या गोळीतही नॉर्मल’ हे होते. फॅमिली डॉक्टरांनी चूक दाखवली ती न रागावता. स्टॅटिनने स्नायू दुखणे हा खरा दुष्परिणाम आहे, स्नायूंना गंभीर इजा होणे मात्र विरळा. आणि इंग्लंडमधल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच न देता पाहिले, तेव्हा खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला त्यातला सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही होता. यावर दादा ‘म्हणजे माझे पाय खोटे दुखतात का?’ म्हणून उखडले. तसे नव्हे, दुखणे खरेच असते, त्याचे कारण प्रत्येक वेळी औषध असतेच असे नाही. डॉक्टरांनी स्नायूंच्या इजेची रक्तचाचणी करून घेतली, ती व्यवस्थित आली, आणि गोळी बदलून रोसुवास्टॅटिन २० दिली. स्टॅटिनचा फायदा ही आता वादाची गोष्ट राहिलेली नाही : १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत हृदयविकाराच्या ४,४४४ रुग्णांत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी उतरले, आणि पुढच्या अनेक चाचण्या एकत्र केल्यावर असे दिसले की एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने खाली आणले की मोठे झटके-पक्षाघात सुमारे एकपंचमांशाने कमी होतात. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून या गटातले पहिले द्रव्य १९७३ मध्ये वेगळे केले होते. बुरशीचे हे देणे पेनिसिलिनच्या तोडीचे आहे असे मला वाटते, पण ते असो.

माझा रिपोर्ट त्यामानाने सरळ : एकूण २१४, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल १४२, आणि त्यावर लाल रंग. मेलबर्नला असलेल्या भाच्याला तो पाठवला, तर त्याने ‘एवढे १४२?’ म्हणून घाबरून फोन केला, कारण त्यांच्याकडे एलडीएल मिलिमोलमध्ये देतात. ३८.६७ ने भागले की माझे ३.७ होते. परदेशी आणि इथले रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या घरांसाठी अ‍ॅपमध्ये एककाची निवड असायला हवी, ती नाही.

लाल रंग लागताच दोन तासांत कंपनीच्या ‘आहारसल्लागारा’चा फोन आला. नोंदणीतली माहिती कुठे गेली, याचा उलगडा येथे झाला. मोफत सल्ला म्हणून जो आहारतक्ता मिळाला त्यात किन्वा, अ‍ॅव्होकॅडो, ऑलिव्ह तेल आणि सामन मासा होता. शेंगदाणे आणि शेंगदाणा तेल पूर्ण बंद, नारळाचे तेल मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून चालेल! हे नेमके उलटे आहे. एलडीएल वाढवणारी मुख्य गोष्ट म्हणजे संपृक्त चरबी आणि ट्रान्सफॅट. खोबरेल तेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांच्या वर असते, साजूक तुपात साठ टक्क्यांच्या आसपास, पामतेलात जवळपास निम्मी, आणि शेंगदाणा तेलात एकपंचमांशाहून कमी. करडईचे तेल त्याहूनही खाली, जे सोलापूर-मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या होते. वरणभातावरच्या चमचाभर तुपाने कोणाचा घात होत नाही. पण खारी, नानकटाई, पॅटिस आणि फरसाण रोज चहासोबत असतील, तर तुपाचा चमचा मोजण्यात अर्थ नाही. ट्रान्सफॅटची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली, ही मोठीच सुधारणा आहे, तरीही बेकरीतले संपृक्त वनस्पती तूप आणि पामतेल आहेच. अंड्याबाबत तक्त्यात ‘पिवळा बलक विष’ अशी भाषा होती. बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असते खरे, पण बहुतेकांच्या रक्तातील एलडीएलवर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम संपृक्त चरबीपेक्षा कमी असतो. आणि तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापतात त्यालाही भुलू नये. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नगण्यच असते, त्यामुळे पामतेलाच्या पिशवीवरही ते खुशाल छापता येते.

मटकी, हरभरा, चवळी, ओट्स, जवसाची चटणी, भेंडी, पेरू यांतला विरघळणारा तंतू पित्तातले कोलेस्टेरॉल आतड्यातच धरून बाहेर नेतो, आणि यकृताला रक्तातले एलडीएल ओढून घेऊन ती तूट भरावी लागते. आहारातून एलडीएल उतरते ते या मार्गाने, आणि संपृक्त चरबीच्या जागी शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांसारखी तेले आणल्याने. या घरगुती यादीतले एकही नाव तक्त्यात नव्हते. सल्ल्याच्या शेवटी ओमेगा-३ च्या कॅप्सूलची बाटली आणि लसणाच्या गोळ्या ‘आजच्या आज सवलतीत’ देऊ केल्या गेल्या. माशाच्या तेलाने ट्रायग्लिसराइड उतरते, एलडीएल उतरत नाही. काहींचे किंचित वाढतेदेखील. माझे ट्रायग्लिसराइड १३० असताना ती बाटली मला कशासाठी, याचे उत्तर त्या गृहस्थांकडे नव्हते. कापलेल्या तीन गुणांतला एक येथे गेला.

डॉक्टरांनी माझ्या बाबतीत दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्ही पॅकेजमध्ये असायला हव्या होत्या. पहिली, टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी. थायरॉइड मंदावले की यकृतावरचे एलडीएल पकडणारे ग्राहक कमी होतात आणि आकडा चढतो. अशा वेळी गोळी थायरॉइडची द्यावी लागते. दुसरी, लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलसारखाच, पण अंगावर आणखी एक प्रथिन वागवणारा कण. त्याचे प्रमाण बहुतांशी जन्मतःच ठरते, आहार-व्यायामाने फारसे हलत नाही, आणि ते ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. भारतीय तत्त्वे सांगतात की ते आयुष्यात एकदा तरी तपासावे, विशेषतः घरात कमी वयात झटका आलेला असेल तर. पुरुषाला पंचावन्नच्या आत आणि स्त्रीला पासष्टच्या आत आलेला झटका म्हणजे कमी वयातला. दादा त्यात बसतात, म्हणून मी त्या यादीत बसतो. प्रयोगशाळेकडे ही चाचणी आहे, पण ती सर्वांत महागड्या पॅकेजमध्ये जीवनसत्त्वे आणि जड धातूंच्या तपासणीसोबत बांधलेली. सुटी मिळते का, असे अ‍ॅपवर शोधले तर सापडत नाही. फोन करून नाव घेऊन मागितली की लगेच मिळते आणि तीही पॅकेजच्या फरकाहून बरीच स्वस्त. पॅकेजमध्ये असलेल्या दोन गुणोत्तरांच्या जागी ही एक खरी चाचणी दिली असती, तर ‘८ चाचण्या’ या शब्दांना थोडी अब्रू आली असती.

कोणी विचारले तर माझा सल्ला असा राहील की, या सेवेकडून पॅकेज घेऊ नये, सुटे लिपिड प्रोफाइल घ्यावे. मागणी नोंदवताना ‘ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर एलडीएल थेट मोजा’ असे लिहून द्यावे. एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता सबंध प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीनिहाय असते, तेव्हा आपल्या चाचणीला ती आहे का ते विचारावे. येथे लिपिडला होती. ताप, मोठे आजारपण किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर तपासणी पुढे ढकलावी, कारण अशा वेळी एलडीएल तात्पुरते खाली जाते आणि खोटा दिलासा मिळतो. आहारसल्लागाराचा फोन नको असल्यास अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये संमतीची खूण आधीच काढता येते, मात्र ती जागा शोधावी लागते. आणि दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावे. एकाच माणसाचा आकडाही काही प्रमाणात आपोआप हलत असतो, त्यात यंत्र आणि पद्धत बदलली की औषधाने फरक पडला की प्रयोगशाळेने, हे कळेनासे होते.

याच कारणासाठी, एवढी कुरबुर करूनही, दादांची पुढची तपासणी आम्ही येथेच करून घेतली. औषध बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा पाहावे असा संकेत आहे, त्यानुसार. तोच मुलगा आला, तितक्याच निगुतीने रक्त घेऊन गेला. एकूण १२७, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १२५, एलडीएल ६४, नॉन-एचडीएल ८९. ९२ वरून ६४ ही उत्तम घट, पण आकडे ५५ आणि ८५ या दोन्ही रेषांच्या अजून वरच राहिले होते. डॉक्टरांनी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाऊ न देणारी इझेटिमाइब १० मिलिग्रॅमची गोळी जोडली आणि दोन महिन्यांनी परत बोलावले. अ‍ॅपने या खेपेलाही हिरवा गोल दाखवून अभिनंदन केले. दादांनी रिपोर्टाची छापील प्रत मागवून त्यावर पेनाने ‘५५’ लिहिले आणि ती फाइलला लावली.